शिराझ (द्राक्षमद्य)

शिराझ : तांबड्या मद्यासाठी लावली जाणारी काळ्या द्राक्षाची एक जात आणि तिच्यापासून तयार होणारे मद्य. फ्रान्समध्ये या जातीस ‘सिरा’ असे म्हणतात. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका व भारत या देशांत ‘शिराझ’ हे नाव रूढ आहे. मणी लहान व काळेजांभळे, साल रंगद्रव्याने समृद्ध आणि मद्य गडद, भरीव व किंचित तुरट, ही या जातीची सर्वसाधारण लक्षणे होत. थंड प्रदेशात वाढलेल्या शिराझला काळ्या मिऱ्याचा स्पष्ट वास येतो. उष्ण प्रदेशात तो मंदावतो आणि पिकलेल्या जांभळा-करवंदांसारख्या फळांचा स्वाद पुढे येतो. महाराष्ट्रात ही जात विसाव्या शतकाच्या अखेरीस व्यापारी प्रमाणावर आली आणि पुढील पंचवीस वर्षांत राज्यातील उंची तांबड्या मद्यांचा मुख्य आधार बनली. नासिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्याचे नाव धारण करणारे शिराझ मद्य हे त्याचे ठळक उदाहरण. मद्याला खोऱ्याचे वा तालुक्याचे नाव द्यावयाचे, तर त्या भूमीचा काही गुण त्यात उतरला आहे असे मानावे लागते. हा गुण कोठून येतो, तो केवळ माती व हवेचा असतो की छाटणी, कर आणि कायदा यांनीही घडतो, हे पाहण्यासाठी सह्याद्रीच्या दोन्ही बाजू तपासाव्या लागतात. पूर्वेस नासिक, जुन्नर व अकलूजकडील द्राक्षमळे आहेत. पश्चिमेस, रायगड जिल्ह्यातील पेण-रोह्याकडे, वेल रुजला नाही, परंतु ताडी व मोहाची दारू यांची स्वतःची दीर्घ परंपरा आहे.

नाव व उगम : इराणमधील फार्स प्रांताची राजधानी शिराझ हे शहर मद्यासाठी मध्ययुगापासून विख्यात होते. चौदाव्या शतकातील कवी हाफीज याच शहराचा. या कीर्तीमुळे शिराझ नावाचे द्राक्षही इराणातूनच युरोपात गेले असावे, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. धर्मयुद्धावरून परतलेल्या गास्पार द स्तेरिंबेर या सरदाराने तेराव्या शतकात हा वेल ऱ्होन नदीकाठच्या टेकडीवर लावला व तेथेच तो संन्यस्त वृत्तीने राहिला, अशी दंतकथा सांगतात. त्या टेकडीस ‘एर्मिताझ’ म्हणजे मठी हे नाव त्यावरून पडले म्हणतात. १९९८ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील आणि फ्रान्समधील माँपेल्ये येथील संशोधकांनी केलेल्या जनुकीय तपासणीने या कथेचा निकाल लावला. दुरेझा ही काळी आणि मोंदूझ ब्लांश ही पांढरी, अशा आग्नेय फ्रान्समधील दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून सिरा निर्माण झाली, असे त्यातून निष्पन्न झाले. शिराझ शहराशी या वेलाचा रक्तसंबंध नाही. संबंध आहे तो फक्त नावाचा.

जेम्स बझ्बी याने १८३१-३२ मध्ये युरोपातून गोळा केलेल्या कलमांबरोबर ही जात ऑस्ट्रेलियात गेली आणि तेथे ‘शिराझ’ या उच्चाराने रुळली. दक्षिण ऑस्ट्रेलियात, विशेषतः बरोसा खोऱ्यात, १८४० नंतरच्या दशकात लावलेले काही वेल अद्यापि फळ देतात. याचे कारण वेलीच्या मुळांचा नाश करणारी फायलोक्सेरा ही कीड, जिने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, ती त्या प्रांतात पोहोचली नाही. पेनफोल्ड्स कंपनीच्या मॅक्स शूबर्ट या मद्यतज्ञाने १९५१ मध्ये प्रायोगिक रीत्या बनविलेल्या ‘ग्रेंज’ या मद्यामुळे शिराझ हे दीर्घकाळ मुरविण्याजोगे उंची मद्य होऊ शकते, हे युरोपाबाहेरही मान्य झाले. भारतात हे द्राक्ष ‘सिरा’ या फ्रेंच नावाऐवजी शिराझ म्हणून ओळखले गेले ते या ऑस्ट्रेलियन वळणानेच.

पश्चिम किनाऱ्यावरील परदेशी मद्य : द्राक्षाचा वेल येथे येण्याच्या पुष्कळ आधी द्राक्षाचे मद्य येथे आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात इटलीच्या, सिरियातील लाओडिसियाच्या व अरबस्तानच्या मद्यांचा उल्लेख असून त्यांत इटालियन मद्यास अधिक पसंती असल्याचे म्हटले आहे. याच ग्रंथात ‘सेमिल्ला’ म्हणून येणारे बंदर म्हणजे चौल होय. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका नदी चौल-रेवदंड्याजवळच समुद्रास मिळते, त्यामुळे रोहे हे या प्राचीन बंदराच्या खाडीमार्गावरील गाव ठरते. उरण तालुक्यातील घारापुरी बेटावर भूमध्यसागरी प्रदेशातील मद्यकुंभांची खापरे मोठ्या संख्येने सापडली आहेत. त्यांच्याबरोबर इराणी आखाताकडून आलेल्या, निमुळत्या बुडाच्या व आतून डांबर फासलेल्या कुंभांचीही खापरे मिळतात. अशी खापरे चौल व संजाण येथेही आढळली आहेत. पूर्वी दख्खनमधील अनेक स्थळांची खापरे सरसकट रोमन मानली जात. अलीकडील फेरतपासणीत त्यांपैकी बरीच या दुसऱ्या प्रकारची ठरली. म्हणजे कोकणच्या किनाऱ्याचा इराणी आखाताकडील मद्याशी संबंध कदाचित रोमन मद्याइतकाच दृढ होता.

सतराव्या शतकात शिराझचे मद्य नाव घेऊन या किनाऱ्यावर उतरू लागले. इंग्रज व डच कंपन्यांनी शिराझ येथे आपल्यासाठी मद्य तयार करवून घेण्याची सवलत मिळविली होती. तेथून ते बंदर अब्बासमार्गे सुरतेच्या वखारींकडे येई. १६८९ मध्ये सुरतेस आलेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन हा वखारीतील भोजनाचे वर्णन करताना शिराझचे मद्य आणि अरकाचे पंच ही दोन पेये एकत्र उल्लेखितो. हे साहचर्य सूचक आहे. परदेशातून येणारे द्राक्षमद्य महाग. स्थानिक ताडी व गूळ यांपासून गाळलेला अरक स्वस्त. जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने पंच या नावाचा उगम ‘पाच’ या देशी शब्दात, म्हणजे त्यात पडणाऱ्या पाच पदार्थांत, असल्याचे नमूद केले आहे. फ्रायर १६७५ मध्ये मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून जुन्नरला गेला होता आणि पुढे दोन वर्षांनी प्रत्यक्ष शिराझला जाऊन आला. ज्या जुन्नर तालुक्यात त्यानंतर तीनशे वर्षांनी महाराष्ट्राच्या आधुनिक मद्यउद्योगाचा पाया घातला गेला तो तालुका आणि शिराझ शहर ही दोन्ही स्थळे पाहिलेला तो बहुधा एकटाच जुना लेखक असावा. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी निघालेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडेन हाही चौलहून कुंडलिकेच्या खाडीने रोह्यालगतच्या अष्टमीपर्यंत नावेने आला व तेथून पुढे निजामपूरमार्गे रायगडास गेला.

दख्खनमधील द्राक्ष : घाटमाथ्यावर द्राक्षवेल मध्ययुगात स्थिरावला. इब्न बतूता या मोरोक्कन प्रवाशाने चौदाव्या शतकात दौलताबाद येथे द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा पिकतात, असे लिहून ठेवले आहे. हे विधान प्रवाशाची अतिशयोक्ती म्हणून सोडून देण्याजोगे नाही. समशीतोष्ण कटिबंधात हिवाळ्यातील थंडीने वेल निद्रिस्त होतो आणि वर्षाला एकच बहर देतो. दख्खनमध्ये तशी कडक थंडी नसल्याने वेल कधीच पूर्ण झोपत नाही. छाटणी केली की तो पुन्हा फुटतो. वर्षाला दोन छाटण्यांची आजची पद्धत याच गुणावर आधारलेली आहे.

एकोणिसाव्या शतकात नासिक भागात फकडी, हबशी, भोकरी व साहेबी या जाती पांगाऱ्याच्या झाडांवर चढवून वाढवीत. ही सर्व खाण्याची द्राक्षे होती. १९६० नंतर बिनबियांची थॉम्पसन सीडलेस ही जात आणि तिच्यातून तासगावकडे निवडलेली तास-ए-गणेश यांनी जुन्या जातींना मागे सारले. मांडवावर वेल पसरविणे, ठिबक सिंचन आणि खाऱ्या व कोरड्या जमिनीत तग धरणाऱ्या डॉगरिजसारख्या खुंटांवर कलम करणे ही तंत्रे नासिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी मोठ्या खटपटीने आत्मसात केली. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाले. मद्याच्या द्राक्षांचा प्रवेश झाला तो या तयार जमिनीत. शेतकऱ्याला वेल नवा नव्हता, फक्त त्याचा हेतू नवा होता.

घाटाखालचा प्रदेश : पेण व रोहे हे तालुके नासिकपासून सरळ रेषेत फार दूर नाहीत, परंतु हवामानाच्या दृष्टीने तो निराळा प्रदेश आहे. येथे वर्षाला सु. ३,००० मिमी. पाऊस पडतो, हवा बहुतेक काळ दमट असते आणि हिवाळ्यातील रात्रीही सौम्य असतात. अशा हवेत द्राक्षवेलीवर केवडा व भुरी या बुरशीजन्य रोगांचा जोर होतो आणि काडी नीट पक्व होत नाही. पेणची खारेपाटाची जमीन भाताची व मिठागरांची. रोह्याकडे भात, आंबा व जंगल. या प्रदेशाला जे पेय निसर्गाने दिले ते झाडाच्या रसाचे. ताड, माड व शिंदी यांची पोय वा खोड छेदून रस काढण्याचे काम उत्तर कोकणात परंपरेने मुख्यतः भंडारी समाज करीत आला. डोंगराकडील कातकरी व ठाकूर यांच्यापाशी मोह होता.

ताडीचा प्रादेशिक गुण द्राक्षमद्यापेक्षा कमी नाही. काही अंशी तो अधिकच आहे, कारण ती जन्मस्थानापासून दूर नेता येत नाही. पहाटे मडक्यात उतरलेला रस गोड नीरा असतो. उन्हाबरोबर त्यातील नैसर्गिक यीस्टमुळे किण्वन सुरू होऊन दुपारपर्यंत त्याची ताडी होते आणि दुसऱ्या दिवशी ती आंबट पडून शिर्क्याकडे झुकते. मडक्याच्या आतून चुना फासल्यास हे किण्वन रोखता येते. द्राक्षरसात आम्ल, टॅनिन व मद्यार्क यांचे प्रमाण असे असते, की मद्य वर्षानुवर्षे टिकते आणि बाटलीत सुधारतेही. ताडीत ही सोय नाही. त्यामुळे पेणची ताडी आणि रोह्याची ताडी यांत पिणाऱ्याला फरक कळत असला, तरी त्या फरकाला बाजारात किंमत मिळाली नाही.

निसर्गाने घातलेल्या या मर्यादेवर राज्यसंस्थेने आणखी बंधने घातली. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने झालेल्या १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाड छेदण्यासाठी परवाना व प्रत्येक झाडामागे कर अशी व्यवस्था कडक केली. ठाणे व कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यांत हा कर पूर्वीच्या मानाने इतका वाढला, की छोट्या बागाईतदार भंडाऱ्याला स्वतःच्या झाडाची ताडी काढणे परवडेना. १८८० नंतरच्या दशकात वसईकडील भंडाऱ्यांनी याविरुद्ध चळवळ केली. १८९२ मध्ये तर खास ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा करण्यात आला आणि फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. मोहाचे फूल आदिवासींच्या घरात केवळ दारूसाठी नव्हे, तर टंचाईच्या दिवसांत अन्न म्हणूनही वापरले जाई. याकडे कायद्याने पाहिले नाही. दुसऱ्या बाजूस उरण येथील पारशी मालकांच्या भट्ट्यांत मोहाची दारू परवान्याने गाळून मुंबई शहराला पुरविली जात होती आणि तिच्यासाठी लागणारी फुले बरीचशी गुजरातेतून आणवीत. स्थानिक फूल घरात ठेवणे गुन्हा आणि परक्या प्रांताचे फूल परवान्याच्या भट्टीत, असा हा प्रकार होता. महसुलाच्या सोयीपुढे प्रादेशिकतेचा विचार टिकत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण मुंबई इलाख्यात क्वचितच सापडेल.

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडी, दारू व द्राक्षमद्य यांना एकाच पंक्तीत बसविले. १९६० नंतर ही बंदी टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. तथापि कायदा मूळ नावरूपाने नाही तरी गाभ्याने कायम असून मद्य पिण्यासाठी परवान्याची तरतूद त्यात आजही आहे.

आधुनिक मद्यनिर्मिती : या कायद्याच्या छायेतच महाराष्ट्रातील द्राक्षमद्याचा नवा अध्याय सुरू झाला. १९८० नंतरच्या दशकात शामराव चौगुले यांनी जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तांत्रिक साहाय्याने फसफसणारे मद्य तयार केले व ‘ओमर खय्याम’ या नावाने ते परदेशांतही पाठविले. इराणी कवीचे नाव, फ्रेंच पद्धत आणि मराठी माती असा हा संयोग होता. जुन्नरचे नाव मात्र बाटलीवर नव्हते. भूमीचे नाव मिरविण्याचा काळ अजून यावयाचा होता. कर्नाटकात बंगलोरजवळच्या नंदी टेकड्यांच्या परिसरात ग्रोव्हर कुटुंबाने फ्रेंच जाती लावल्या आणि काबर्ने सोव्हिन्यो व शिराझ यांच्या मिश्रणाचे ‘ला रिझर्व्ह’ हे मद्य काढले. भारतीय तांबड्या मद्याची प्रतिष्ठा प्रथम वाढली ती या मिश्रणाने.

नासिकमध्ये राजीव सामंत यांनी गंगापूर धरणालगतच्या आपल्या कौटुंबिक जमिनीत, कॅलिफोर्नियातील मद्यतज्ञ केरी डॅम्स्की यांच्या सल्ल्याने, १९९७ च्या सुमारास द्राक्षे लावली. प्रारंभीच्या जाती पांढऱ्या होत्या. सुला हे नाव घेतलेल्या या उद्योगाची पहिली मद्ये २००० मध्ये बाजारात आली. तांबड्या जातींत शिराझने लवकरच आघाडी घेतली. काबर्ने सोव्हिन्यो उशिरा पिकतो आणि मार्चच्या उन्हात सापडतो, मेर्लो उष्णतेत लवकर ढिला पडतो. शिराझ मात्र ऊन सोसतो, रंग सोडत नाही आणि भरपूर फळ धरतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे तीनही गुण मोलाचे होत. पुढे ‘दिंडोरी रिझर्व्ह’ आणि ‘रासा’ ही ओकच्या पिंपांत मुरविलेली शिराझ मद्ये आली. दिंडोरी हे नाव वापरताना उत्पादकांनी युरोपीय धाटणीचे बनावट नाव घेण्याचा मोह टाळला, ही गोष्ट लहान नाही. याच सुमारास सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरात इटालियन भागीदारांच्या सहकार्याने ‘फ्रातेल्ली’ मळे उभे राहिले; इगतपुरी व दिंडोरी भागांत आणखीही उत्पादक पुढे आले.

राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. महाराष्ट्रातील द्राक्षांपासून तयार झालेल्या मद्यावरील उत्पादन शुल्क माफ झाले, परवान्याची पद्धत सोपी झाली आणि नासिक जिल्ह्यात विंचूर येथे व सांगली जिल्ह्यात पलूस येथे औद्योगिक विकास महामंडळामार्फत मद्यउद्यानांची उभारणी सुरू झाली. पुढे विक्रीवरील कराचा मोठा भाग अनुदानरूपाने परत देण्याची योजनाही आली. हेतू शेतकऱ्याला पर्याय देण्याचा होता : खाण्याच्या द्राक्षाचा भाव कोसळला तरी कराराने ठरलेल्या भावात मद्याची द्राक्षे जावीत. खाण्याच्या द्राक्षापेक्षा एकरी उत्पन्न निम्म्याहून कमी ठेवावे लागे, परंतु जिबरेलिनसारख्या संजीवकांचा व मजुरीचा खर्च वाचे. पहिली काही वर्षे हा हिशोब जमला. लागवड झपाट्याने वाढली, मद्यशाळांची संख्याही वाढली आणि मागणीच्या पुढे उत्पादन गेले. २००८ ची जागतिक मंदी व त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईवर झालेला दहशतवादी हल्ला यांमुळे पर्यटन व हॉटेलांतील विक्री घटली. टाक्यांत मद्य पडून राहिले, कारखान्यांनी द्राक्षे घेण्याचे थांबविले आणि अनेक शेतकऱ्यांनी तीन-चार वर्षे जोपासलेले वेल उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे वा अन्य पिके लावली. मद्याची द्राक्षे इतर बाजारात विकता येत नाहीत. त्यांत बिया असतात, साल जाड असते आणि मणी लहान असतात. ज्याने शिराझ लावला त्याच्यापुढे मद्यशाळेवाचून दुसरे गिऱ्हाईक नव्हते. प्रादेशिक मद्याच्या वर्णनात ही बाजू सहसा येत नाही, पण दिंडोरी व निफाडकडील कित्येक घरांच्या स्मृतीत ती ताजी आहे.

प्रादेशिक गुण : नासिकचे मळे समुद्रसपाटीपासून सु. ६०० ते ७०० मी. उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत. घाटमाथ्यावरील इगतपुरीस ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. नासिकला तो सु. ७०० मिमी.पर्यंत उतरतो आणि पूर्वेस निफाडकडे आणखी कमी होतो. पेण-रोह्याला भिजविणारे ढगच घाट चढून येताना रिते होतात, म्हणून नासिकला द्राक्ष पिकते. जमीन दख्खनी बेसाल्टची : सखल भागात काळी व ओल धरणारी, उतारावर मुरमाड व पाणी झटकणारी. उंची मद्यासाठी दुसरीच बरी, कारण तेथे वेलीचा पानोरा आटोक्यात राहतो.

तथापि या प्रदेशाचा खरा विशेष मातीत नाही, दिनदर्शिकेत आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून पावसाळ्यात वेलीस काडी धरू द्यावयाची, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करावयाची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पीक घ्यावयाचे, असा येथील क्रम आहे. ऱ्होन खोऱ्यात द्राक्ष उन्हाळ्याकडून शरदाकडे, म्हणजे उष्णतेकडून थंडीकडे, पिकते. नासिकला ते डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींतून निघून वाढत्या उन्हात पिकते. फ्रान्समध्ये अखेरचे आठवडे पक्वता मंद करतात. येथे ते घाई करतात. साखर लवकर चढते, आम्ल लवकर उतरते, आणि चार-पाच दिवसांच्या विलंबाने मद्याचा तोल जाऊ शकतो. म्हणून काढणी पहाटे किंवा रात्री करतात, फळ तत्काळ थंड करतात आणि बहुधा रसात टार्टारिक आम्ल घालून तोल सावरतात. थंडीच्या रात्रींत साठलेला रंग व ताजेपणा आणि अखेरच्या उन्हाने आलेला मऊपणा, हे दोन्ही चांगल्या नासिक शिराझमध्ये एकत्र जाणवतात.

मिऱ्याच्या वासाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की शिराझमधील हा वास रोटंडोन नावाच्या संयुगामुळे येतो आणि तेच संयुग काळ्या मिऱ्यातही असते. पुढील अभ्यासांत असे आढळले, की पिकण्याच्या काळात घडांचे तापमान २५° से.च्या वर फार वेळ राहिल्यास त्याचे प्रमाण घटते. नासिकला फेब्रुवारीअखेर दुपारचे तापमान सहज याच्या वर जाते. त्यामुळे येथील शिराझमध्ये मिरे मागे असते आणि जांभूळ, मनुका व ओकच्या पिंपातून आलेला धुरकट, व्हॅनिलासदृश वास पुढे असतो. हा दोष मानण्याचे कारण नाही. मात्र ज्या मद्याला ऱ्होनच्या मापाने मोजले जाते ते नेहमीच उणे ठरते, आणि नासिकच्या उत्पादकांनीही प्रारंभीच्या काळात हेच माप स्वतःला लावून घेतले. अधिक ओक, अधिक मद्यार्क आणि अधिक गडद रंग यांच्या मागे लागून केलेल्या काही मद्यांत भूमीपेक्षा पिंपच अधिक बोलते. उतारावरील मुरमाड जमीन, पश्चिमेकडे डोंगराची सावली आणि थोडे लवकर काढलेले फळ यांचा मेळ जेथे बसतो तेथे दिंडोरीचा शिराझ ओळखू येतो.

‘नासिक व्हॅली वाइन’ या नावास २०१०-११ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. युरोपातील अशा नोंदणीत जात, दर हेक्टरी उत्पन्न, मुरविण्याचा काळ अशा बाबी काटेकोरपणे बांधलेल्या असतात. दिंडोरीसारख्या लहान टापूचे नाव मात्र अद्याप उत्पादकांच्या व्यापारी निवडीवर अवलंबून आहे. मद्याची विक्री मोठ्या किराणा दुकानांतून करू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला, तेव्हा द्राक्षमद्य ही दारू आहे की शेतमालाचे प्रक्रियारूप, हा जुना वाद पुन्हा पेटला. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि निर्णय अंमलात आला नाही. या वादात ताडीचे नाव कोणी काढले नाही, यात आश्चर्य नाही. तिचे छेदणारे संख्येने थोडे उरले आहेत आणि नीरा-ताडी केंद्रांच्या परवान्यांपलीकडे तिला धोरण असे कधी लाभलेच नाही.

निर्यातीसाठी मुंबईकडे येणारी नासिकची द्राक्षे व मद्य आज बहुतांशी १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून जहाजात चढतात. हे बंदर रायगड जिल्ह्यात, घारापुरीच्या समोरच्या किनाऱ्यावर, उरण तालुक्यात आहे. मोहाच्या दारूच्या जुन्या भट्ट्या याच तालुक्यात होत्या.